स्पिअरगनच्या दोरीचे शास्त्र आणि शास्त्रार्थ

स्पिअरगन हे पाण्याखाली मासा टिपण्याचे हत्यार असून त्याची रचना सांगायला सोपी आहे: लाकडाची, ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची एक लांब नळी, तिच्या एका टोकाला चाप असलेली मूठ, दुसऱ्या टोकाला ताणून बसवायची जाड रबरे, आणि नळीवर निजवलेला, टोकाशी उघडणारा काटा असलेला पोलादी गज. चाप ओढला की रबरे गजाला पुढे ढकलतात आणि गज माशाच्या दिशेने निघतो. तो माशापर्यंत पोचतोच असे नाही, पण निघतो मात्र नक्की, आणि एकदा निघाला की त्याला परत कसे आणायचे हा प्रश्न उरतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गजाच्या शेपटाला बांधलेली काही मीटर दोरी. सगळ्या सामग्रीत किमतीने सर्वांत हलकी आणि चर्चेने सर्वांत जड वस्तू हीच होय. बंदुकीच्या लाकडाविषयी शिकारी दहा मिनिटे बोलतो, रबरांविषयी पंधरा मिनिटे बोलतो, दोरीविषयी मात्र तो रात्र काढू शकतो, आणि समोरचा श्रोताही दोरीवाला निघाला तर दुसऱ्या दिवशीची शिकार रद्द होण्याचा संभव असतो.

या चर्चेचा इतिहास फार मागे जात नाही. डोळ्यांवर काच लावून, श्वास रोखून पाण्याखाली मासा गाठण्याचा छंद आजच्या रूपात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर १९३०च्या दशकात रुजला. तेथे राहणाऱ्या गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन कथालेखकाने वैमानिकाचा जुना चष्मा पुट्टी आणि रंग लावून पाणबंद केला, हातभाला घेऊन समुद्रात डोके घातले, आणि १९३८ मध्ये ‘द कम्प्लीट गॉगलर’ हे पुस्तक लिहून इतरांनाही तसे करण्यास प्रवृत्त केले. त्याच सुमारास त्या किनाऱ्यावर स्प्रिंगच्या आणि रबराच्या बंदुका तयार होऊ लागल्या. नायलॉन येण्यापूर्वीची सर्वसाधारण दोरी वनस्पतीच्या धाग्यांची असे. ती पाणी पिऊन फुगे, मिठाने ताठ होई, ओली ठेवली तर कुजे, आणि तिच्याखेरीज दुसरी सहसा मिळत नसल्यामुळे तिच्याविषयी मत बाळगण्याची कोणाला गरज भासत नसे. मतभेदाची सोय अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने करून दिली. तिच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले, १९३८ मध्ये ते दात घासण्याच्या ब्रशांच्या केसांत अवतरले आणि लवकरच मासेमारीच्या दोरीत आले. म्हणजे ज्या पदार्थाने माणसाने आपले दात घासावेत त्याचेच माशाने आपल्या दातांनी तुकडे करावेत, ही वाटणी अगदी आरंभीच ठरून गेली होती.

आजच्या पंथांपैकी सर्वांत जुना आणि संख्येने मोठा पंथ मोनोफिलामेंटचा. मोनोफिलामेंट म्हणजे पिळलेली किंवा विणलेली नव्हे, तर एकाच सलग तंतूची नायलॉन दोरी. मुंबईकडे हिलाच तंगूस म्हणतात. फरक इतकाच की हौशी माणसाच्या गळाला लागणारी तंगूस सहसा मिलिमीटरभरही जाड नसते, तर स्पिअरगनला लागणारी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड असते, आणि तिला बोटाभोवती गुंडाळायला गेल्यास ती बोटालाच सरळ करू पाहते. ती गुळगुळीत असल्यामुळे खडकावर घासली तरी एकदम तुटत नाही, ताठ असल्यामुळे स्वतःत गुंतत नाही, आणि ताण पडल्यावर आधी लांबते, मग तुटते, या तिच्या तीन गुणांवर तिचे अनुयायी संतुष्ट असतात. तिचा दोष म्हणजे तिची स्मरणशक्ती. रिळावर ज्या वेटोळ्यांत ती काही महिने बसून आलेली असते ती वेटोळी ती विसरत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे म्हणतात, पण या दोरीला कोणी पीळ दिलेला नसतानाही ती तो जपून ठेवते. गरम पाण्यात बुडवून, दोन्ही टोके ताणून धरून ती थंड होऊ देणे हा यावरचा मान्य उपाय आहे. मात्र हा विधी स्वयंपाकघरात, चहाच्या पातेल्यात होत असल्यामुळे शिकाऱ्याच्या घरात त्याला तितकी मान्यता नसते.

दुसरा पंथ सुधारकांचा असून त्यांचे दैवत डायनीमा हे आहे. पॉलिएथिलीनचे अतिशय लांब रेणू एकाच दिशेने ओढून बसवले की जो धागा मिळतो त्याचे हे व्यापारी नाव. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीने १९७९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली ज्या पातळ पिशव्यांवर बंदी घातली त्यांच्याच कुळातला हा पदार्थ आहे. कूळ एक, पण संस्कार निराळे. वजनास वजन धरले तर तो पोलादाच्या पंधरापट मजबूत आहे असा उत्पादकांचा दावा असून सुधारक हे वाक्य संध्येसारखे रोज म्हणतात. विणलेली डायनीमा दोरी तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बरीच बारीक असते, त्यामुळे ती गजाला मागे कमी ओढते. पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे तरंगते. आणि तिला कसलीही आठवण राहत नाही. दुर्दैवाने तिला स्वतःचा असा आकारही राहत नाही. ताठपणा मुळीच नसल्याने ती पाण्यात जेथे जाईल तेथली होते: पट्ट्याच्या बकलात, सुरीच्या म्यानात, घड्याळाच्या किल्लीत, आणि दुसरे काहीच सापडले नाही तर स्वतःत. शिवाय ती इतकी निसरडी असते की नायलॉनवर वर्षानुवर्षे टिकलेली गाठ तिच्यावर मारल्यास ती गाठ माशाआधीच निसटते. यास्तव तिच्या पोकळ विणीत तिचेच टोक सुईने ओवून घेण्याची, म्हणजे स्प्लाइस करण्याची, कला आत्मसात करावी लागते, आणि ही कला आत्मसात केलेला मनुष्य ती इतरांना दाखवल्याशिवाय राहत नाही.

तिसऱ्या पंथाविषयी थोडक्यात सांगणे पुरे आहे. प्लास्टिकचे वेष्टन असलेली बारीक पोलादी तार खडकाला आणि दातांना सर्वांत कमी दाद देते, पण तिला एकदा मुरड पडली की ती जन्मभर राहते, मुरडीपाशी एकेक तंतू तुटून बाहेर येतो आणि तो नेमका तळहाताला सापडतो. दातांच्या माशांमागे जाणाऱ्यांनी तार जरूर वापरावी. इतरांनी तिचे कौतुक दुरून करावे.

पंथांमधला वाद मुख्यतः पाकिटावर छापलेल्या वजनावरून चालतो, आणि येथेच या विषयातले मूळ कोडे दडलेले आहे. पावणेदोन-दोन मिलिमीटर जाडीचे चांगले नायलॉन पावणेदोनशे किलोंच्या आसपासचा ताण सोसते. भूमध्य समुद्रात सामान्य शिकाऱ्याला लाभणारा मासा दोन-तीन किलोंचा असतो, आणि त्या शिकाऱ्याचे स्वतःचे वजन पाण्यात जवळजवळ शून्य असल्यामुळे पंधरा-वीस किलोंच्या ओढीलाही तो विरोध करू शकत नाही, निमूटपणे ओढीबरोबर जाऊ लागतो. मासा दोरी तोडू शकत नाही आणि मनुष्य ती धरून ठेवू शकत नाही. मग पावणेदोनशे किलोंचे करायचे काय? याचे उत्तर बहुतेक शिकारी स्वप्नातल्या माशाकडे बोट दाखवून देतात. बाजारात तुरी असताना भट भटणीला मारतो, त्याप्रमाणे अजून समुद्रात असलेल्या माशाच्या वजनावरून येथे दोरीची जाडी ठरते.

खरे उत्तर थोडे अपमानास्पद असल्यामुळे ते फारसे सांगितले जात नाही. सात मिलिमीटर जाडीचा, एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीचा पोलादी गज सुमारे चारशे ग्रॅमचा भरतो आणि बंदुकीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला वीस-पंचवीस मीटर असू शकतो. मासा लागला तर यातली बरीचशी ऊर्जा माशाच्या अंगात जिरते आणि दोरीला फारसे काही करावे लागत नाही. नेम चुकला तर मात्र गज दोरी संपेपर्यंत जातो आणि दोरी संपल्यावर जी काही ऊर्जा उरली असेल ती सगळी दोरीला, दोरीच्या गाठीला आणि बंदुकीच्या तोंडाला एका क्षणात सोसावी लागते. हे थांबणे हातभर अंतरात झाले तर दणका सौम्य असतो, चार बोटांत झाले तर तोच दणका कित्येक पटींनी वाढतो. नायलॉन स्वतः लांबून हे अंतर मिळवून देते, डायनीमा जेमतेम तीन-चार टक्के लांबते आणि दणका जसाच्या तसा पुढे पाठवते. तात्पर्य, दोरीची ताकद खर्च होते ती लागलेल्या माशावर नव्हे, हुकलेल्या माशावर. हंगामाच्या शेवटी झिजलेली दोरी दाखवून शिकारी ज्या अजस्र माशाची हकीकत सांगतो तो मासा बहुधा दोरीच्या अंगाला शिवलेलाही नसतो. पण झिजलेली दोरी आणि मोठा मासा यांचा संबंध मानवी मनात इतका पक्का आहे की ऐकणाऱ्यांपैकी कोणी हिशेब मागत नाही, विशेषतः त्यांच्याही दोऱ्या झिजलेल्या असल्यास.

हा दणका शोषण्यासाठी दोरी आणि बंदूक यांच्यामध्ये हातभर लांबीचा रबरी दोर, ज्याला बंजी म्हणतात, बसवण्याची रीत आहे. बंजीमुळे आणखी एक काम साधते: बंदुकीवर गुंडाळलेले वेढे ताठ राहतात. वेढा म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. गज बंदुकीवर बसवलेला असताना दोरी कुठेतरी ठेवावी लागते, म्हणून ती गजाच्या शेपटापासून नळीच्या तोंडापर्यंत नेतात, तेथून मागे आणून मुठीजवळच्या एका लहानशा खटक्यात अडकवतात आणि पुन्हा तोंडाशी नेऊन बांधतात. चाप ओढताच हा खटका मोकळा होतो आणि दोरी आपोआप सुटते. ही झाली एका वेढ्याची मांडणी, आणि तीत नळीच्या लांबीच्या तिप्पट दोरी मावते. दोन वेढे घातले तर पाचपट. नव्वद सेंटिमीटरच्या बंदुकीवर एका वेढ्याने सुमारे पावणेतीन मीटर आणि दोन वेढ्यांनी साडेचार मीटर दोरी बसते, आणि तिच्यापुढे गजाची स्वतःची लांबी असतेच. एवढ्या आकारमानाच्या बंदुकीचा मारा पाण्यात तीन-चार मीटरांपलीकडे फारसा उपयोगी उरत नाही, हे लक्षात घेतले तर एका वेढ्यात भागते हे कोणीही कागदावर मांडून पाहू शकतो. तरीही नवा शिकारी दोन वेढे घालतो, कारण त्याने छायाचित्रांत पाहिलेल्या समुद्रात तीस मीटरांवरचा मासा स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या नेहमीच्या किनाऱ्यावर स्वतःच्या बंदुकीचे टोक दिसले तरी तो दिवस चांगला समजायचा असतो. जादा दोरी गजामागे पोटासारखी लोंबत जाते, पाण्याचा विरोध वाढवते, आणि मासा लागल्यावर खडकांना प्रदक्षिणा घालायला त्या माशाला जादा दोन मीटर उपलब्ध करून देते.

वेढा घालण्याचे काम जमिनीवर शिकवले जाते आणि पाण्यात करावे लागते, हे या विद्येचे वैशिष्ट्य होय. गज झाडून वर आलेला शिकारी पृष्ठभागावर तरंगत असतो. तोंडात श्वासनळी, हातांत जाड मोजे, काचेच्या आत थोडे पाणी, आणि लाट त्याला दर काही सेकंदांनी आपल्या सोयीने फिरवत असते. अशा स्थितीत त्याने गजाचे शेपूट चापाच्या खाचेत ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवायचे, दोरी हाताने चाचपत तोंडाशी न्यायची, तेथल्या आकड्यावरून वळवायची, ती रबराच्या आतून गेली की बाहेरून याची खात्री करून घ्यायची, मागे आणून खटक्यात अडकवायची आणि पुन्हा पुढे न्यायची. दुसऱ्या फेरीपर्यंत पहिली फेरी आकड्यावरून घसरलेली असते. ती सारखी करीपर्यंत खटका सुटतो. सगळे जमून आल्यावर बंदुकीचे बूड छातीला किंवा कमरेला टेकवून रबरे ओढायची असतात, आणि ती ओढून झाली की लक्षात येते की दोरीचा एक पदर रबराखाली अडकलेला आहे. अशी बंदूक तशीच झाडली तर गज अर्ध्यावर झटका खाऊन भलत्याच दिशेला वळतो, म्हणून रबरे पुन्हा उतरवणे भाग पडते. या सगळ्या काळात मासा, जो मघापर्यंत भेदरून खडकाआड गेलेला असतो, तो चौकशीसाठी बाहेर येतो आणि हातभर अंतरावर थांबून पाहतो. असा संथ, निर्भय, मोठा मासा बंदूक भरलेली असताना कधीच का येत नाही, यावर मतभेद नाहीत. सर्व पंथ या बाबतीत एकत्र हळहळतात. दोरी ताठ आणि किंचित जाड असेल तर मोज्यातल्या बोटांना ती सापडते आणि हा प्रसंग निम्म्या वेळात आटोपतो, आणि नवशिक्यांना मोनोफिलामेंट सुचवण्यामागचे निम्मे कारण हेच आहे.

दोरीची टोके कशी बांधावीत हा स्वतंत्र अध्याय होय. जाड नायलॉनला गाठ नीट बसत नाही आणि बसली तरी त्या जागी दोरीची ताकद बरीच घटते, म्हणून दोरीचा फास करून त्याचे दोन्ही पदर धातूच्या आखूड जुळ्या नळीत घालतात आणि ती नळी चिमट्याने दाबतात. या नळीला क्रिम्प म्हणतात. येथे सगळे कौशल्य दाबण्यात नसून न दाबण्यात आहे. नळीची दोन्ही तोंडे किंचित मोकळी ठेवायची असतात, कारण कडेपर्यंत दाबली तर धातूची धार दोरीत रुतते आणि पहिल्याच दणक्याला दोरी तेथे कापली जाते. शिवाय दोरीचे टोक नळीबाहेर थोडे राखून लायटरने तापवून त्याची बारीक गोळी करायची असते, म्हणजे दोरी सरकलीच तर गोळीपाशी अडते. दाबण्यासाठी क्रिम्पच्या मापाच्या खाचा असलेला चिमटा मिळतो. तो महाग वाटल्यामुळे घरातली पक्कड वापरणारांची संख्या मोठी आहे. पक्कडीने नळी दबते, चपटी होते, चकाकते, अत्यंत भक्कम दिसते आणि आतल्या दोन पदरांपैकी एकाला अर्धे चिरून ठेवते. पाकिटावरचे पावणेदोनशे किलो यानंतर फक्त पाकिटावर राहतात. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालणारे लोक जगात पुष्कळ आहेत. स्पिअरगनच्या बाबतीत मात्र कोंबडी बारा आण्यांची असून मसाला चार आण्यांचाही घालवत नाही, असा उलटा अनुभव येतो. पोलादी तारेवर ॲल्युमिनियमचे क्रिम्प लावून खाऱ्या पाण्यात नेणारे तर रसायनशास्त्रालाच आव्हान देत असतात: दोन भिन्न धातू आणि मीठ एकत्र आले की त्यांपैकी दुबळा धातू खाल्ला जातो, आणि येथे दुबळा धातू तोच असतो ज्याच्या भरवशावर फास टिकलेला आहे, तारेला म्हणून तांब्याचे क्रिम्प घालतात.

दोरीचे दुसरे टोक कशाला बांधायचे, या प्रश्नावर तर थेट द्वैत-अद्वैताचा वाद उभा राहतो. अद्वैतवादी दोरी बंदुकीला बांधतात, आणि मासा मोठा असेल तर बंदुकीवर पतंगाच्या फिरकीसारखे रीळ बसवतात, म्हणजे मासा खोल गेला तरी दोरी सुटत राहते आणि शिकारी पृष्ठभागावर श्वास घेऊ शकतो. बंदूक, दोरी, मासा आणि मनुष्य ही येथे एकाच सूत्रात ओवलेली असतात. द्वैतवादी दोरी बंदुकीला नुसती टेकवून ठेवतात आणि तिचे टोक पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्याच्या लांब दोराला जोडतात. गज लागताच दोरी बंदुकीपासून अलग होते, मासा फुगा घेऊन जातो आणि मनुष्य बंदुकीसह मागे राहतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या किनाऱ्यावर दुसऱ्या मताचा विशेष प्रभाव आहे, कारण तेथे वेगवान मासे आणि शार्क या दोहोंचीही वर्दळ असते. तिथल्या शिकाऱ्यांना जिचे विशेष आकर्षण आहे ती ‘कूटा’ म्हणजे कोकणातल्या ताटात तुकड्यांच्या रूपाने येणारी सुरमईच. अखंड असताना ती पहिल्या धडाक्यातच लांबवर निसटते आणि तिचे दात दोरीच्या बाबतीत कोणत्याही पंथाचा पक्षपात करत नाहीत. टेरी मास या कॅलिफोर्नियातील दंतशल्यचिकित्सकाने १९८२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ ३९८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८० किलोंचा ब्लूफिन ट्यूना, ज्याला आपल्याकडे कुपा म्हणतात त्याच घराण्यातला, श्वास रोखून मारला, तेव्हापासून चारशे पौंडांची दोरी मागणाऱ्या गिऱ्हाइकांना इतिहासाचा आधार मिळाला आहे. असा मासा दोरीच्या ताकदीने थांबवता येत नाही, फुग्यांच्या ओढीने हळूहळू दमवावा लागतो. पण हा तपशील दुकानाच्या काउंटरवर सांगून विक्रेत्याने स्वतःचा तोटा का करून घ्यावा?

याउलट खडकांतल्या माशांची गोष्ट आहे. हेकरू, ज्याला काही ठिकाणी गोबरा म्हणतात, त्या कुळातले मासे गज लागताच पळून जाण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते जवळच्या कपारीत शिरतात, कल्ले फुगवतात, पर ताठ करतात आणि घरभाडे थकलेल्या भाडेकरूच्या निर्धाराने आतच राहतात. आता दोरी ओढणे म्हणजे ती कपारीच्या धारेवर घासणे. येथे डायनीमाची एकेक वीण उसवत जाते, नायलॉनवर ओरखडे पडतात पण ते बराच वेळ टिकते, आणि म्हणून खडकाळ तळाशी वावरणारे सुधारकही बहुधा घरी डायनीमाचे प्रवचन देतात आणि बंदुकीला दोन मिलिमीटरचे नायलॉन लावतात.

दोरीचा रंग हा विषय आला नसता तर बरे झाले असते, पण गिऱ्हाईक तो काढतेच. पारदर्शक, हिरवी, धुरकट, निळी, लाल अशा सर्व छटा मिळतात. पाण्यात खोल गेल्यावर लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे लाल दोरी तळाशी करड्या रंगाची दिसते. पारदर्शक दोरी माशाला दिसत नाही आणि शिकाऱ्यालाही दिसत नाही, हा दुसरा भाग जाहिरातीत नसतो. ऐंशी सेंटिमीटरच्या पायवल्ह्या, ठिपक्याठिपक्यांचा वेष, मीटरभर लांबीची बंदूक आणि काचेमागचे दोन वटारलेले डोळे हे सगळे पाहूनही जो मासा थांबला, तो दोन मिलिमीटरची दोरी पाहून बिथरेल असे मानणे माशाच्या बुद्धीविषयी फारच सूक्ष्म अंदाज बांधण्यासारखे आहे. ज्याला दोरी स्पष्ट दिसते त्याच्या पायात ती कमी अडकते, एवढाच निकष रंगाला लावावा.

पायात अडकण्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्वास रोखून खाली गेलेल्या माणसाभोवती जखमी माशाने ताठ दोरीचा एक फेरा मारला तर आयुष्याची दोरी आणि बंदुकीची दोरी यांचे हितसंबंध परस्परविरोधी होतात, आणि दुसरी कापल्याशिवाय पहिली राहत नाही. त्यामुळे पट्ट्याला किंवा दंडाला कोणत्याही एका हाताने काढता येईल अशी धारदार सुरी असणे आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा सोबती असणे, या दोन गोष्टींवर तिन्ही पंथांत एकमत आहे. नायलॉन सुरीने कापले जाते, डायनीमाला धार चांगली लागते, आणि पोलादी तार बहुतेक सुऱ्यांनी कापलीच जात नाही, हे तार निवडणाऱ्याने आधी लक्षात घ्यायचे असते. बंदूक कितीही महाग असली तरी अशा वेळी ती सोडून वर यायचे असते, हेही येथे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण ती न सोडणारे लोक आहेत.

एवढ्या शास्त्रार्थानंतर ज्याला फक्त दोरी विकत घ्यायची आहे त्याच्यासाठी निर्णय असा: नेहमीच्या किनारी शिकारीला १.६ ते १.८ मिलिमीटरचे मोनोफिलामेंट, बंदुकीवर एक वेढा, मध्ये लहान बंजी, आणि दोरीच्या मापाचे क्रिम्प योग्य चिमट्याने दाबलेले. खडकाळ तळ असेल तर दोन मिलिमीटर. रिळावर आणि स्वच्छ, मोकळ्या समुद्रात डायनीमा, पण ज्याला स्प्लाइस करता येते त्यानेच. प्रत्येक खेपेनंतर दोरी गोड्या पाण्याने धुवावी आणि अंगठ्याच्या नखातून तिची पूर्ण लांबी एकदा ओढून पाहावी. नख कुठे अडखळले तर, विशेषतः गजाजवळच्या हातभर भागात, तो भाग कापून नवा क्रिम्प लावावा, आणि हंगाम संपला की दोरी दिसायला चांगली असली तरी बदलावी. ती मीटरवर मिळते आणि एका रिळात कित्येक हंगाम निघतात.